पैदाशीच्या कोंबड्या आणि थायरॉईड संप्रेरके

भुसावळ तालुक्यातील वरणगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४४-४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. या दिवसांत अंडी घटणे, कवच पातळ होणे आणि उबवणीतून पिले कमी निघणे या कुक्कुटपालकांच्या नेहमीच्या अडचणी होत. खानदेशातील नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. २००६ व २०२१ मधील बर्ड फ्लूच्या साथींत तेथील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. असे कळप पुन्हा उभे करायचे तर पैदाशीच्या कोंबड्यांची प्रजननक्षमता टिकणे महत्त्वाचे असते. या क्षमतेवर थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथीचा मोठा प्रभाव असतो.

ग्रंथी व संप्रेरके
कोंबडीच्या मानेच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक अवटू ग्रंथी असते. तिच्यातून मुख्यत्वे टी-४ हे संप्रेरक स्रवते. यकृत व अन्य अवयवांत त्याचे रूपांतर टी-३ या अधिक प्रभावी संप्रेरकात होते. संप्रेरक तयार होण्यास आयोडीन, तर या रूपांतरास सेलेनियम लागते. चयापचयाचा वेग, शरीरातील उष्णतानिर्मिती आणि पिसांची वाढ यांचे नियमन ही संप्रेरके करतात.

प्रकाशाशी नाते
दिवस मोठा झाला की पक्षी अंड्यावर येतात. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये लावा पक्ष्यावरील प्रयोगांतून यामागील दुवा दाखविला. दीर्घ प्रकाशामुळे मेंदूच्या विशिष्ट भागात टी-४ चे टी-३ होते आणि त्यातून प्रजननाला चालना मिळते. अंड्यावरील कोंबड्यांना दिवसाचे सुमारे १६ तास प्रकाश देण्याच्या पद्धतीमागील शरीरक्रिया समजण्यास या शोधाची मदत होते.

उष्म्याचा परिणाम
कोंबडीचे शरीरतापमान मुळातच सुमारे ४१ अंश असते. बाहेर उष्मा वाढला की शरीरातील उष्णता कमी करण्यासाठी रक्तातील टी-३ घटते आणि पक्षी खाद्यही कमी खातो. परिणामी अंड्यासाठी लागणारी ऊर्जा व प्रथिने अपुरी पडतात. धापा टाकल्याने रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू कमी होतो व कवच पातळ होते. याउलट पिसे गळण्याच्या काळात टी-४ वाढते, बीजांडकोश आकसतो आणि अंडी थांबतात. म्हणजे ही संप्रेरके कमी पडली तरी हानी, अति झाली तरी हानी.

अंड्यातील पिलू
पिलाची स्वतःची ग्रंथी उबवणीच्या साधारण मध्यावर कार्यरत होते. तोवर बलकातून आलेली मातेची संप्रेरके उपयोगी पडतात. २१ दिवसांच्या उबवणीच्या अखेरीस टी-३ झपाट्याने वाढते. फुप्फुसांनी श्वास घेणे व कवच फोडणे याच सुमारास घडते. मातेच्या खाद्यात आयोडीन कमी असल्यास भ्रूणाची ग्रंथी सुजते, पिले उशिरा निघतात व उबवणक्षमता घटते.

घ्यावयाची काळजी
पैदाशीच्या खाद्यात आयोडीन व सेलेनियमयुक्त खनिज मिश्रण शिफारशीप्रमाणेच असावे. आयोडीन फार जास्त झाल्यासही अंडी बंद होतात. ते थांबविल्यावर पुन्हा सुरू होतात. मोहरीची पेंड व कच्चे सोयाबीन यांतील घटक ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे मोहरीच्या पेंडीचे प्रमाण मर्यादित ठेवावे आणि सोयाबीन योग्य उष्णताप्रक्रिया केलेले वापरावे. उन्हाळ्यात खाद्य पहाटे व सायंकाळी द्यावे, थंड पाणी सतत उपलब्ध ठेवावे, छपरावर पाणी शिंपडावे व शेडच्या बाजूंना ओले गोणपाट लावावेत. कवचासाठी शिंपल्यांची भरड द्यावी.

अंडी वाढविण्यासाठी माणसांच्या थायरॉईडच्या गोळ्या कोंबड्यांना देऊ नयेत. मात्रा अधिक झाल्यास पिसे गळून अंडी पूर्ण थांबू शकतात. उत्पादन अचानक घटल्यास रोगाची शक्यता आधी तपासावी आणि त्यासाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.