दिल्लीची आशियाई संबंध परिषद (१९४७) आणि स्थलांतराचा प्रश्न

२३ मार्च १९४७ रोजी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात सुरू झालेली आशियाई संबंध परिषद सामान्यतः तिच्या वक्तृत्वासाठी स्मरणात राहिली आहे. अध्यक्षस्थानी श्रीमती सरोजिनी नायडू, उद्घाटनाचे भाषण पंडित नेहरूंचे, समारोपास महात्मा गांधी. या तेजोवलयात परिषदेचे मूळ स्वरूप झाकले गेले. वस्तुतः तिचे निमंत्रण हिंदुस्थान सरकारने दिलेले नव्हते. ते 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' या १९४३ मध्ये स्थापन झालेल्या बिनसरकारी अभ्याससंस्थेचे होते. नेहरू तेव्हा हंगामी सरकारचे धुरीण असल्यामुळे हा भेद पाहुण्यांना कितपत पटला असेल, ही गोष्ट अलाहिदा.

परिषदेची कार्यपद्धती नवी नव्हती. होनोलुलु येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स'ने ती रूढ केली होती : निबंध आगाऊ तयार करावयाचे, लहान गटांत चर्चा करावयाची, राजकीय ठराव मात्र करावयाचे नाहीत. परंतु त्या संस्थेत आशियाविषयी बोलणारांत आशियातील पारतंत्र्यातल्या देशांचे लोक थोडेच असत. दिल्लीत प्रथमच ते यजमानही झाले आणि वादीही. आठ विषयांची वाटणी पाच गटांत झाली होती. त्यांत स्वातंत्र्याच्या चळवळी, शेती व उद्योग, मजूर, स्त्रियांचे स्थान हे सर्व होते. संरक्षणाचा स्वतंत्र विषय नव्हता. तरीही सुरक्षिततेची खरी चिंता एका सामाजिक विषयाच्या आडून प्रकट झाली. तो विषय म्हणजे आशियांतर्गत स्थलांतर.

पाश्चात्त्य सत्तेविरुद्ध एकमत होणे सोपे होते. शेजाऱ्याच्या संख्येविषयी तसे नव्हते. १९३१ च्या खानेसुमारीत ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगून शहराची निम्म्याहून अधिक वस्ती त्यांची होती. मंदीच्या काळात कर्जापोटी जमिनी सावकारांकडे गेल्या. १९३८ पर्यंत तेरा प्रमुख भातपिकाऊ जिल्ह्यांतील सुमारे चतुर्थांश जमीन चेट्टियारांच्या हाती आली होती. १९३० व १९३८ च्या दंग्यांमागे ही पार्श्वभूमी आहे. मलायात चिनी लोकसंख्येचा, सिलोनमध्ये मळ्यांवरील तामिळ मजुरांचा प्रश्न याच जातीचा होता. इंग्रज गेल्यावर भारत व चीन यांच्या भाराखाली आपण दबून जाऊ, ही लहान देशांची भीती गटाच्या चर्चेत उघडपणे मांडली गेली.

भारतीय अभ्यासकांना हा विषय अपरिचित नव्हता. कौन्सिलच्या कार्याशी निकटचा संबंध असलेले पं. हृदयनाथ कुंझरू हे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. त्याच समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांनी मलायातील भारतीय मजुरांच्या स्थितीची पाहणी करून १९३७ मध्ये अहवाल दिला होता. तथापि या साऱ्या परंपरेचा दृष्टिकोन परदेशी गेलेल्या भारतीयाच्या हिताचा होता. ज्याच्या देशात तो गेला त्याची बाजू समोरासमोर ऐकण्याचा प्रसंग या परंपरेला क्वचितच आला होता. परिषदेचे खरे मोल येथेच शोधावे लागते.

गटाचा निष्कर्ष सावध होता. कायद्यापुढे सर्व नागरिक समान असावेत, हे मान्य झाले. नागरिक कोणास म्हणावे, हे ठरविणे मात्र ज्या त्या राज्याकडे राहिले. तत्त्व मान्य करणारांना व्याख्या मोकळी ठेवता आली, म्हणूनच एकमत साधले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. ठराव न करण्याच्या नियमाने लहान देशांना बोलण्याचे धैर्य दिले, हे खरे. पण बोललेले कोणावरही बंधनकारक राहिले नाही, हेही त्याच नियमाचे फळ होय.

पुढील घटना या मोकळ्या जागेतच घडल्या. ब्रह्मदेशात १९६२ च्या लष्करी सत्ताग्रहणानंतर व्यापाराचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लाखो भारतीयांना परतावे लागले. सिलोनमधील तामिळ मजुरांपैकी ५,२५,००० जणांना भारताने व ३,००,००० जणांना सिलोनने स्वीकारावे, असा करार १९६४ मध्ये लालबहादुर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांनी केला. उरलेल्या दीड लाखांचा निर्णय तेव्हाही लांबणीवर पडला.

दिल्लीत स्थापन झालेल्या आशियाई संबंध संघटनेचे दुसरे अधिवेशन १९४९ मध्ये चीनमध्ये भरावयाचे होते. ते भरले नाही. तिच्याकडून परिषदेचा वृत्तान्तग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. मळ्यांवरील बहुसंख्य तामिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा सिलोनचा कायदाही त्याच वर्षीचा आहे.