घरातील पासवर्डांची जपणूक : डहाणू-तलासरी परिसरातील कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. पहारेकऱ्याने विचारावा आणि आपल्या माणसाने अचूक सांगावा, ही त्यामागील जुनी कल्पना. संगणकावर त्याचा वापर १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाला. तेथे अनेक जण एकच संगणक वापरीत आणि प्रत्येकाचे काम स्वतंत्र राहावे, एवढाच हेतू होता. आज डहाणू व तलासरी तालुक्यांतील साध्या घरातही असे अनेक शब्द सांभाळावे लागतात : मुलीच्या शिष्यवृत्तीचे महाडीबीटी खाते, तारापूर किंवा उंबरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाचे भविष्य निर्वाह निधीचे खाते, ई-मेल, बँक आणि मोबाइलवरील यूपीआय.

खाते आपले, किल्ली कोणाची?

पुष्कळदा अर्ज सायबर कॅफेत भरला जातो आणि पासवर्ड तेथील चालकच ठरवितो. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा तो कोणालाच आठवत नाही. म्हणून अर्ज भरताना मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचाच द्यावा, वापरकर्त्याचे नाव तेथेच लिहून घ्यावे आणि काम झाल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून पासवर्ड बदलावा. दुकानातील संगणकाने ‘पासवर्ड जतन करू का?’ असे विचारल्यास नकार द्यावा व उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे.

विसरलेला पासवर्ड बहुधा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या साह्याने बदलता येतो. म्हणजे खरी किल्ली मोबाइल क्रमांक हीच होय. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा क्रमांक दीर्घकाळ रिचार्जविना राहिला तर तो बंद होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. क्रमांक बदलल्यास बँक, आधार व इतर खात्यांत त्याची नोंद त्वरित बदलून घ्यावी.

पासवर्ड कसा असावा?

नाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक यांपासून बनविलेला पासवर्ड ओळखणे सोपे असते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेने २०१७ साली आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. चित्रविचित्र चिन्हांपेक्षा लांबीला अधिक महत्त्व द्यावे आणि विनाकारण ठराविक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये, असे तिने सुचविले. होडी, चिकू, तारपा, पायरी असे परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले तर पासवर्ड लांब होतो आणि लक्षातही राहतो. (अर्थात, छापून आलेले हे उदाहरण कोणी वापरू नये.) ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड मात्र वेगवेगळे असावेत.

कागदावर लिहावे काय?

होय, काळजीपूर्वक लिहिल्यास हरकत नाही. ब्रूस श्नायर या सुरक्षातज्ज्ञांनी २००५ सालीच असा सल्ला दिला होता की, सोपा पासवर्ड पाठ करण्यापेक्षा कठीण पासवर्ड कागदावर लिहून तो पैशांप्रमाणे पाकिटात जपावा. दूरचा चोर मोबाइलमध्ये शिरू शकतो. आपल्या पेटीतील वहीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मात्र पुढील नियम पाळावेत :

१. एटीएमचा व यूपीआयचा पिन लिहून ठेवू नये. तो स्मरणातच असावा.

२. वहीवर ‘पासवर्ड’ असे नाव घालू नये. प्रत्येक पासवर्डातील एखादा शब्द न लिहिता केवळ मनात ठेवावा.

३. वहीचे छायाचित्र काढून मोबाइलमध्ये ठेवू नये अथवा व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

४. बॉलपेनने लिहावे. पावसाळ्यातील ओल आणि वाळवी यांपासून रक्षणासाठी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवावी.

५. दुसरी प्रत विश्वासू नातलगाच्या घरी बंद पाकिटात ठेवावी.

पाचवा नियम आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले. घरांच्या भिंतींना तडे गेले व अनेक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. घाईने घर सोडणाऱ्याला वही शोधण्यास अवधी मिळत नाही.

ज्यांना मोबाइल सफाईने वापरता येतो त्यांनी बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारख्या पासवर्ड जपणाऱ्या प्रणालीचा उपयोग करावा. त्यात एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. परंतु तो विसरल्यास सर्वच दारे बंद होतात. तेव्हा त्याचीही एक प्रत घरी सुरक्षित असावी.

कुटुंबातील दुसरी व्यक्ती

वही कोठे आहे, हे घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला ठाऊक असावे. मात्र खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याचा पिन वापरून पैसे काढणे हा योग्य मार्ग नव्हे. बँकेला कळवून नामनिर्देशनाच्या आधारे रक्कम मागावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. वही केवळ खाती कोठे आहेत हे दाखविते. हक्क मिळतो तो नामनिर्देशनाने किंवा वारसाहक्काने.

फसवणूक झाल्यास

पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो मागणारा फसवीत आहे, हे निश्चित समजावे. पैसे गेल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले गेले की, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे, त्यानंतरचे बँकेने. म्हणून लाजेने गप्प राहण्यात एकेक तास महाग पडतो. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

येत्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून आपल्या खात्यांची यादी करावी. शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांनी लिहिण्याचे काम करावे. वही कोठे ठेवावी, हे मात्र वडीलधाऱ्यांनी ठरवावे.