दोष कोणत्या बाजूला?

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांना राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही आज तारेचा इतिहास सांगणार आहोत. आणि तोही तार चालू असतानाचा नव्हे, ती बंद पडल्यानंतरचा. चालू तारेकडे कोणी पाहत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र तिच्या मागे किती माणसे उभी होती हे कळू लागते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हल्ली राउटर नावाचा एक लहानसा डबा भिंतीवर बसलेला असतो. त्याच्यावर तांबडा दिवा लुकलुकू लागला की घरात एकच गडबड उडते. आधी मुलाला हाक जाते, मग डबा बंद करून पुन्हा चालू केला जातो, आणि शेवटी कंपनीला फोन होतो. या सगळ्या धडपडीत जो प्रश्न सर्वांआधी विचारावयाचा तो राहूनच जातो. दोष आपल्या बाजूला आहे की पलीकडच्या? हा प्रश्न कसा विचारावा याची विद्या या देशात पावणेदोनशे वर्षांची आहे, आणि ती बहुतांशी पगारी कामगारांच्या हातात वाढली.

१८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने बांबूंवर तार ताणून संदेश पाठविण्याचा प्रयोग केला. पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, आणि १८५५ मध्ये तारखाते सामान्य जनतेला खुले झाले. ओशॉनेसीचे नाव ग्रंथांत आहे. त्याच्या हाताखालच्या शिवचंद्र नंदी यांचे नाव तितके ऐकू येत नाही. डायमंड हार्बरच्या तारेवर देखरेख त्यांची होती, आणि पद्मा नदी ओलांडून तार टाकण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मासेमारीच्या होड्यांवर ते काम उरकले. इंजिनियरिंग कॉलेजे नुकती कोठे निघू लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

आता आपल्या गोंदियाकडे येऊ. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी आपण भंडाऱ्यात होतो. रुळांच्या नकाशावर मात्र हे गाव फार जुने. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा लहान मार्ग १८८० च्या सुमारास येथून गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला, आणि १८९१ पर्यंत आसनसोलशी जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैनपूरकडे व नागभीडकडे अरुंद फाटे निघाले आणि गोंदिया चार दिशांचे जंक्शन झाले. रुळांबरोबर तार जाणे हा त्या काळचा नियमच होता, कारण पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज गाडी सोडता येत नसे. दरेकसाच्या डोंगरात पावसाळ्यात ओली फांदी तारेला टेकली म्हणजे तिकडे साऱ्या गाड्यांचा खोळंबा होणार. अशा वेळी त्या जंगलात खांबामागून खांब पाहत चालत कोणी जावयाचे? आणि किती चालावयाचे? दोष शोधण्याची विद्या या चालण्याच्या कंटाळ्यातून जन्मली, असे म्हणण्यास आमची हरकत नाही.

तारमास्तर तारेचे दोष तीन मानीत. तार तुटणे, तारेचा जमिनीशी संबंध येणे, आणि दोन तारा एकमेकींना लागणे. तिन्हींत संदेश बिघडतो, पण यंत्रावरील काटा प्रत्येक वेळी निराळे सांगतो. तार तुटली तर प्रवाह वाहतच नाही. जमिनीला लागली तर प्रवाह नेहमीपेक्षा जोराने निघतो, परंतु पलीकडे पोचत नाही. म्हणजे ‘बंद आहे’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे आजार असतात, आणि खांबावर चढण्यापूर्वी त्यांतला कोणता हे कचेरीत बसून ओळखता येते. त्यानंतर मार्गाचे दोन भाग करावयाचे. मधल्या स्टेशनात तार सोडवून दोन्ही बाजूंना हाक द्यावयाची. जी बाजू उत्तर देते ती निरोगी. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. शंभर मैलांचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. चार-पाच हाकांत दोष दोन-चार स्टेशनांच्या आत सापडतो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मोजमाप. तार जितकी लांब तितका तिचा विरोध अधिक. तेव्हा पलीकडच्या टोकाला चांगली तार व बिघडलेली तार जोडून, विरोधांचे गुणोत्तर काढून, दोष किती मैलांवर आहे हे बसल्या जागी सांगता येते. या मापनाच्या साधनाला व्हीटस्टनचा पूल म्हणतात. कल्पना १८३३ साली क्रिस्टीने मांडली होती. व्हीटस्टनने ती दहा वर्षांनी लोकप्रिय केली आणि नाव त्याचे पडले. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसांना याचे नवल वाटत नाही.

ही विद्या ज्यांच्या हाती होती त्यांनी तिचे मोल मागितले, हाही इतिहासच आहे. १९०८ मध्ये कामाच्या नव्या नियमांविरुद्ध तारखात्यातील सिग्नलरांनी रंगूनपासून मुंबईपर्यंत काम थांबविले. ११ जुलै १९४६ रोजी टपाल-तार खात्यातील खालच्या श्रेणीतले नोकर संपावर गेले. १९६० च्या जुलैत आणि १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या नोकरांनी पुन्हा संप केले; त्यांतही टपाल-तारवाले होतेच. या संपांचे यशापयश हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. येथे एवढेच पाहावयाचे की लाइनमन ही एक कायमची जागा होती. तिला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन होते, म्हणून तीस तीस वर्षे एकच माणूस एकाच भागातले खांब ओळखीत असे.

टेलिफोन आला तेव्हा हीच माणसे पुढे आली. एक्स्चेंजमधून निघालेली केबल रस्त्यावरच्या पिलरमध्ये, तेथून खांबावरच्या डबीत, आणि तेथून आपल्या घरी. तक्रार १९८ वर द्यावयाची. टेस्ट-रूममधला माणूस एक्स्चेंजमध्येच आपली जोडी तपासून दोष आत आहे की बाहेर हे ठरवी, आणि बाहेर असेल तरच लाइनमन सायकल काढी. फोन चार-चार दिवस बंद राहत, हे खरे आहे. खात्याचे गोडवे गाण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु तपासणी हे ग्राहकाचे काम आहे असे तेव्हा कोणी म्हणत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. २००० साली दूरसंचार खात्याचे भारत संचार निगम झाले, आणि २००५ पासून त्याच तांब्याच्या जोडीवर ब्रॉडबँड धावू लागले. पुढे काचेचा तंतू आला. १४ जुलै २०१३ ला शेवटची तार स्वीकारली गेली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी घरी गेले. निम्मे खातेच म्हणा ना. त्यांच्याबरोबर त्यांचे डोक्यातले नकाशेही गेले. टेस्ट-रूमचे काम मग कोणाकडे आले? ते आपल्याकडे आले, विनावेतन.

बिडीवालीला हे चांगले समजेल. ती घरी बसून कारखान्याचे काम करते. जागा तिची, दिवा तिचा, आणि हजार बिड्यांमागे मिळेल ती मजुरी. आपल्याला मजुरीही नाही.

काम आलेच आहे तर ते नीट करावे. प्रथम वीज. आपल्याकडे दाब वरखाली होतो, त्यामुळे अडॅप्टर दुबळा होतो. दिवे लागतात, पण डबा पुन्हापुन्हा आपणच बंद-चालू होतो. नंतर ‘लॉस’ लिहिलेला दिवा. तो तांबडा असेल तर तंतूतून प्रकाशच येत नाही; घरातला मोबाइल, संगणक यांना दोष देण्यात अर्थ नाही. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल तर कंपनीपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. मग डब्याला वायरीने संगणक जोडून पाहावा. वायरीने चालते आणि वायफायने चालत नाही, तर दोष घरातल्या हवेत आहे: जाड मातीची भिंत, पत्रा, लोखंडी कपाट. वायरीनेही चालत नसेल तर हाक द्यावी. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा लहानसा प्रोग्राम लिहिला. तो पलीकडच्या यंत्राला हाक देतो व उत्तराला किती वेळ लागला हे सांगतो. आधी आपल्याच डब्याला हाक, मग बाहेरच्या यंत्राला. मधल्या स्टेशनात तार सोडविण्याचीच ही रीत. बाहेरचे यंत्र आकड्यांच्या पत्त्याने उत्तर देते आणि नावाने सापडत नाही, तर बिघाड रस्त्यात नसून नावांच्या वहीत आहे. डब्याच्या मागचे बारीक भोक मात्र टाचणीने दाबू नये. आतली सर्व जुळणी पुसली जाते.

आमच्या संघटनेच्या कचेरीत एकदा बिडीकामगार बायका निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. अंगठा लावावयाचा तर डब्यावर तांबडा दिवा. कंपनीच्या फोनवरील आवाजाने तीन वेळा बंद-चालू करावयास सांगितले. शेजारच्या चहावाल्याकडे त्याच कंपनीचे जोडणे होते आणि ते चालू होते. म्हणजे दोष खांब आणि आमची भिंत यांच्या मधला. पाहतो तो नव्या पाटीच्या लोखंडी चौकटीखाली तंतू मुडपलेला. काच अशी कोनात वाकली की प्रकाश वाटेतच गळतो. चौकट सैल केली, दिवा हिरवा झाला. तोवर तिघी शेवटच्या बसच्या धास्तीने निघून गेल्या होत्या. त्यांची त्या दिवसाची मजुरीही गेली आणि दाखलाही राहिला.

तंतू खरोखरच तुटला तर हे आपल्या हातचे नाही, आणि त्याच्या टोकात डोळा घालून तर कधीच पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो. त्यासाठी यंत्र आहे. ते प्रकाशाचा एक ठोका सोडते व प्रतिध्वनीची वाट पाहते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. ठोका परत यायला सेकंदाचा एक लक्षांश भाग लागला तर दोष एक किलोमीटरवर. व्हीटस्टनच्या पुलाचेच काम, निराळ्या हत्याराने. हे हत्यार घेऊन खांबावर चढणारे जे तरुण आम्हाला भेटले त्यांतल्या बहुतेकांना नेमणुकीचे पत्र नाही. दर जोडणीमागे पैसे मिळतात, आणि खांब विजेचा असतो. असा तरुण आपल्या दारी आला तर मीटरवरचा आकडा त्याला विचारून घ्यावा. उणे २७ डीबीएमपेक्षा प्रकाश क्षीण असेल तर डब्याला तो वाचणे कठीण जाते. तो आकडा, तारीख आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहावा, आणि त्याला कमरेचा पट्टा कंपनीने दिला आहे की नाही, तेही विचारावे.