नित्याच्या कामातील पावित्र्य : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

तारापूरच्या किल्ल्याचा तट ज्यांनी पाहिला असेल त्यांस दोन गोष्टी चटकन आठवतील. एक, हा तट पोर्तुगीजांच्या अमलातला. आणि दुसरी, तो जिंकताना जानेवारी १७३९ मध्ये बाजी भिवराव रेठरेकर येथे धारातीर्थी पडले. पुढे त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईही चिमाजी अप्पांच्या हाती आली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती धर्माचा इतिहास आपण बहुधा असाच वाचतो. तोफा, तट आणि तह यांच्या पलीकडे आपली नजर जात नाही.

परंतु श्रोतेहो, धर्माचा आणखी एक इतिहास असतो, आणि तो तटावर कोरलेला नसतो. बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणारा कामगार, सातपाटीला पहाटे होडी लोटणारा कोळी, घरातल्या आजाऱ्याची उस्तवार करणारी गृहिणी, यांना पवित्र जीवन जगता येते काय? की पावित्र्य म्हणजे मठवासीयांची आणि धर्मगुरूंचीच मिरास? ख्रिस्ती धर्मापुरता हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर देणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात, वसईत जन्मास आला होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

त्या काळाविषयी प्रथम स्पष्ट बोलले पाहिजे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या राज्यात देवळे पाडली गेली, लोकांवर धर्मांतरासाठी दडपण आले, आणि १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. सत्तेच्या हातात धर्म गेला म्हणजे काय होते ते या किनाऱ्याने सोसले आहे. म्हणूनच त्याच सावलीत वाढलेल्या एका मुलाने धर्माचा अर्थ वेगळा कसा लावला, हे पाहण्यासारखे आहे.

गोन्सालोंचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई येथली. वसईतच येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि मिसरूडही नीट फुटले नसेल अशा वयात ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात आपल्यालाही प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती; ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार धरला, आणि त्यात यशही मिळविले. दुसरा कोणी असता तर झालेली उपेक्षा मनात धरून धर्माकडे पाठ फिरविता, अथवा पैशातच रमून जाता. गोन्सालोंनी दोन्ही केले नाही. ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले आणि तेथील फ्रान्सिस्कन मठात धर्मबंधू म्हणून राहिले.

धर्मबंधू म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. तो धर्मगुरू नव्हे. त्याला मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसतो. मठाची नित्याची कामे, आजाऱ्यांची शुश्रूषा, सांगितलेले निरोप पोचविणे, हेच त्याचे जीवन. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे धाडले, तेव्हा गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर गेले. दुभाष्याचे काम मोठे विलक्षण असते. त्याने स्वतःचे असे काही बोलावयाचे नसते. दुसऱ्याचा शब्द कमीजास्त न करता पोचवावयाचा असतो. मानसन्मान वकिलाचा, आणि दोष मात्र पुष्कळदा दुभाष्याचा! स्वतःला मागे ठेवण्याची याहून मोठी साधना कोणती? पुढे क्योतो शहरी या मंडळींनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. आधी धर्मगुरू येतात आणि मागाहून आमच्या राजाचे सैन्य येते, अशी बढाई त्या जहाजाच्या सुकाणूधाऱ्याने मारली, असे सांगतात. ती त्याने खरोखर मारली असो वा नसो, हिदेयोशीचा संशय बळावला आणि धरपकड झाली. बढाई साम्राज्याची आणि शिक्षा रुग्णालयातील सेवकांना, असा हा न्याय! चोवीस जणांचे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालविण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेजणही त्यांच्यातच धरले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले.

हे सव्वीस जण कोण होते? सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि उरलेले सतरा साधे जपानी प्रापंचिक. त्यांत वैद्य होता, स्वयंपाकी होता, विणकर होता, सुतारही होता. लुई नावाचा मुलगा अवघा बारा वर्षांचा. चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेतून आईला पत्र लिहिले. त्यात त्याने तिचे सांत्वन केले आणि धाकट्या भावांचा सांभाळ करावयास सांगितले. मरणाच्या वाटेवरही त्या मुलाला घरच्या कर्तव्याचा विसर पडला नव्हता. पावित्र्याची व्याख्या करावयाची झाल्यास मी त्या पत्राकडे बोट दाखवीन.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान प्रथम गोन्सालोंना मिळाला. वेदीपुढील पहिला मान धर्मगुरूला नव्हे, तर एका दुभाष्याला मिळाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १७३९ नंतर पोर्तुगीज अंमलदार गेले, मठ ओस पडले. तहाने आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली, पण पाठीशी सत्ता राहिली नाही. तरी वसईचे शेतकरी, बागाईतदार आणि कोळी आपल्या श्रद्धेत राहिले. गोव्याकडून येणाऱ्या मोजक्या धर्मगुरूंच्या आधाराने, घरोघरच्या प्रार्थनेने त्यांनी ती जपली. आणि आपली बोली, आपला पेहराव, आपली लग्नातली गाणी हीही जपली. जपानात तर याहून कठीण कसोटी झाली. तेथे दोन शतकांहून अधिक काळ धर्मगुरूच नव्हते. १८६५ मध्ये नागासाकीला नवे चर्च उघडले तेव्हा उराकामी खेड्यातील काही माणसे हळूच आत आली आणि आपण त्याच श्रद्धेचे आहो, असे त्यांनी सांगितले. गृहस्थांनीच बाप्तिस्मा दिला होता, आयांनीच प्रार्थना शिकविल्या होत्या. तट पडले, मठ मोडले. स्वयंपाकघरात ठेवलेला दिवा मात्र राहिला.

आपणा मराठी माणसांना यात परके असे काय आहे? सावता माळ्याने मळ्यात आणि गोरोबांनी चिखल तुडविताना देव पाहिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ख्रिस्ती धर्मसभेनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, हेच स्पष्ट केले की, पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे. ज्याने त्याने आपापल्या जीवनक्रमात राहून ते अंगी बाणवावयाचे आहे.

तेव्हा मजुराने आपले काम चोख केले, व्यापाऱ्याने माप खरे ठेवले, आणि दुसऱ्याचा शब्द पोचविताना आपण त्यात लबाडी मिसळली नाही, तर गोन्सालोंची वाट आपण चाललो असे होईल. त्यांना मरण एकदाच आले. त्याची तयारी मात्र कित्येक वर्षे, रोजच्या कामात चालली होती. नागासाकीची टेकडी फार थोड्यांच्या वाट्याला येते. रोजचे काम मात्र उद्या सकाळी आपणा प्रत्येकाच्या दाराशी उभे राहणारच आहे.