साधनाची लेखी ओळख

हत्यार घडविणाराची कीर्ति इतिहास गातो. परंतु तें कसें चालवावें हें लिहून ठेवणाराची आठवण फारसा कोणी काढीत नाहीं. हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या ‘एजंटां’चा, म्हणजे मनुष्याची आज्ञा घेऊन निरनिराळीं साधनें आपण होऊन हाताळणाऱ्या यांत्रिक कारभाऱ्यांचा, मोठा बोलबाला आहे. त्यांच्या कारभाराच्या मुळाशीं हेंच उपेक्षित लेखनकार्य आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून त्याचा पूर्वेतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

या कथेचा आरंभ १८४३ सालापासून करणें सोयीचें होईल. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें योजिलेल्या ‘ॲनालिटिकल एंजिना’वर मेनाब्रिया या इटालियन इंजिनियरानें फ्रेंच भाषेंत एक निबंध लिहिला होता. त्याचें इंग्रजी भाषांतर करतांना एडा लव्हलेस या विदुषीनें आपल्या टिपा जोडल्या, आणि त्या मूळ निबंधाच्या सुमारें तिप्पट झाल्या. शेवटच्या टिपेंत, बर्नूलीच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या संख्या काढण्यासाठीं यंत्रानें कोणती क्रिया कोणत्या क्रमानें करावी, याचें कोष्टक आहे. मौज अशी कीं, तें यंत्र बॅबेजच्या हयातींत पुरें झालेंच नाहीं. कोष्टक मात्र टिकलें. यंत्र स्वतः कांहीं नवें उत्पन्न करीत नाहीं, त्यास जें करावयास सांगतां येईल तेवढेंच तें करतें, असा इशाराही बाईंनीं त्याच टिपेंत देऊन ठेविला आहे.

पुढें यंत्रें प्रत्यक्षांत आलीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली रचिली, आणि तिची पहिली हस्तपुस्तिका १९७१ च्या नोव्हेंबरांत निघाली. तींत प्रत्येक आज्ञेचें नांव, वापरण्याची रीत व वर्णन हीं तर होतींच. परंतु ‘दोष’ असें एक सदर होतें आणि ‘मालक’ असें आणखी एक! साधनाच्या उणिवा चारचौघांत कबूल करावयाच्या, आणि त्याचा धनी कोण हेंही सांगावयाचें, हा शिरस्ता आम्हांस मोठ्या शहाणपणाचा वाटतो. १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून टॉम्पसन यांनीं एका साधनाचें फलित थेट दुसऱ्याच्या मुखांत सोडणारी ‘पाइप’ची योजना अंमलांत आणिली. १९७६ सालीं स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ हें साधन केलें. कोणतें काम कोणत्या कामावर अवलंबून आहे एवढें लिहून दिलें, म्हणजे पुढचा क्रम ‘मेक’ स्वतः लावी. लेखी वर्णन व प्रत्यक्ष कृति यांमधील भिंत येथें बरीच पातळ झाली.

तरीही साधनांच्या वर्णनाचा वाचक मनुष्यच होता. २०२२ च्या नोव्हेंबरांत ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें, आणि त्यानंतर भाषा जाणणाऱ्या यंत्रांच्या हातीं साधनें देण्याची चढाओढ लागली. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक या कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाची खुली संकेतपद्धति जाहीर केली. तींत प्रत्येक साधनाचें नांव, त्यास पुरवावयाच्या माहितीचा साचा आणि साध्या भाषेंतील वर्णन यांची योजना आहे. कोणतें साधन केव्हां उचलावें, हें एजंट मुख्यतः त्या वर्णनावरूनच ठरवितो. म्हणजे वाचक बदलला. आणि आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत मोठी क्रांति हीच होय.

‘हें साधन जुनीं पत्रें काढून टाकतें,’ एवढेंच लिहिलें असेल, तर तीं पत्रें माळ्यावर जातात कीं चुलींत, हें यंत्रानें कशावरून ओळखावें? शहाणा कारकून अशा जागीं अडतो आणि वरिष्ठांस विचारतो. यंत्र पुष्कळदां एक अर्थ गृहीत धरून पुढें जातें. पूर्वीं संदिग्ध वर्णनानें बहुधा वाचकाचा वेळ जाई. आतां दप्तरच नाहींसें होण्याचें भय आहे. शिवाय, वर्णनाच्या ओळींत एखाद्या लबाडानें भलतीच आज्ञा दडविली, तर एजंट ती धन्याचीच समजून पाळण्याचा संभव असतो. हा धोका काल्पनिक नाहीं. संगणकाच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्यांनीं तो प्रयोगांनीं दाखवून दिला आहे.

यावर उपाय काय? आमच्या मतें तो १९७१ च्या त्या जुन्या पुस्तिकेंतच आहे. साधन काय करतें हें सांगण्याचा उत्साह सर्वांस असतो. तें काय करीत नाहीं, कोठें चुकतें, केलेलें काम परत फिरवितां येतें कीं नाहीं, आणि बिघाड झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचें, हें लिहिण्यास हात आंखडतो. ‘दोष’ आणि ‘मालक’ हीं दोन सदरें प्रत्येक नव्या साधनाच्या वर्णनांत पुन्हा यावयास हवींत. वाचणारें यंत्र असलें, तरी लिहून देणारा मनुष्यच जबाबदार राहतो. त्याची सही असल्याखेरीज असा कारभार कोणत्याही घरानें किंवा कचेरीनें यंत्राच्या हातीं सोंपवूं नये.