मचूळ पाण्याची गोष्ट

आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी विहीर होती. एप्रिल-मे आला की कुणाच्या वाडीतलं पाणी मचूळ लागायला लागलं, हे डबा खाताना कळायचं. ती मोठ्या माणसांची तक्रार आहे असंच वाटायचं तेव्हा. आपण इतिहासाच्या तासाला चिमाजीअप्पांची मोहीम पाठ करत होतो, आणि वसईच्या इतिहासातला दुसरा मोठा प्रसंग शाळेच्या कुंपणाबाहेर घडत होता.

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे समुद्राच्या कडेची रेताड जमीन. पावसाचं गोडं पाणी इथे मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. केळी, पानवेली आणि भाजीपुरतं पाणी रहाटाने काढलं तर हा तोल टिकतो. बावखलं भर घालत राहतात. पण टँकर लावून उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि मग ते सहजी उतरत नाही. ऐंशीच्या दशकात विहिरींवर असे टँकर लागू लागले. त्याच सुमारास हरित पट्ट्यातल्या जमिनींवर बांधकामवाल्यांची नजर पडली.

त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. ‘सुवार्ता’चे संपादक, पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेच. लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, पण चर्चकडे एक गोष्ट तयार होती: दर रविवारी मिस्सेला गावातली झाडून सगळी कुटुंबं एका ठिकाणी यायची. फोन मोजक्या घरी असण्याच्या काळात आमच्या धंद्यातल्या भाषेत हे आयतं नेटवर्क! तरुण मुलं मोर्चाला निघायची. आपल्यातल्या कितीजणांचे दादा-ताई त्यात होते, आठवा. फादरांना धमक्या आल्या, तरी ते मागे हटले नाहीत.

बाहेरच्या जगात चर्च या विषयाकडे हळूहळू येत होतं. निसर्गावर माणसाची सत्ता आहे या ख्रिस्ती समजुतीतच पर्यावरणाच्या संकटाचं मूळ आहे, असा ठपका लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 मध्ये ठेवला, आणि त्याच लेखात असिसीच्या संत फ्रान्सिसचं नावही सुचवलं. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या संताला पर्यावरणाचा आश्रयदाता म्हणून घोषित केलं. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 2015 चं. आता धर्मग्रामांतली मुलं त्याच्या आधारे झाडं लावतात, किनारे साफ करतात. चांगलंच आहे. पण वसईतल्या मुलांना हे परिपत्रकाच्या पंचवीसेक वर्षं आधी कळलं होतं, आणि तेही प्रवचनातून कमी, घरच्या बादलीतून जास्त. माझ्या मते म्हणूनच ते टिकलं.

सगळंच टिकलं, असं मात्र म्हणवत नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. जुलै 2018 मध्ये पाणी साचलं, तेव्हा मिठागरातली माणसं अडकून पडली. आणि बिल्डरला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते, कारण पहिली नोकरी स्थिर झाल्याबरोबर मीही फ्लॅटच घेतला. इमारतीखाली पूर्वी भातशेत होतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर येतो. तो कुठल्या विहिरीवर भरतो, हे मी सोसायटीच्या सभेत एकदाच विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मग विषय पार्किंगवर गेला.

25 जुलै 2024 रोजी फादर गेले. आपल्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी शाळेतले जुने फोटो फिरले. त्यातल्या एकात आपण सहाजणी एका मैत्रिणीच्या वाडीत रहाटाजवळ उभ्या आहोत. ती वाडी तिने अजून विकलेली नाही. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना बोलावलंय. पाणी कसं लागतं, ते मी तिला फोनवर विचारलं नाही. तिथे जाऊन चाखूनच बघू.