वायली पोस्टचे अखेरचे उड्डाण : वालाक्पा, १५ ऑगस्ट १९३५

१/
१५ ऑगस्ट १९३५. अलास्काच्या उत्तर टोकावर धुके दाटले होते. वाट चुकलेले एक लहान विमान वालाक्पा येथील खाजणाच्या उथळ पाण्यावर उतरले. काठावर सीलच्या शिकारीसाठी तळ ठोकून राहिलेले इनुपिआट लोक होते. विमानातून उतरलेल्या दोघांनी त्यांना पॉइंट बॅरोची दिशा विचारली. बॅरो तेथून सुमारे १५ मैलांवर होते.

२/
वाट समजली. विमान पुन्हा पाण्यावरून धावले, वर उठले आणि वळू लागले. एवढ्यात इंजिन थांबले. विमान नाकावर खाली आले, खाजणात आदळले आणि उलटे झाले. दोघेही जागीच मरण पावले. एक होता जगप्रसिद्ध वैमानिक वायली पोस्ट, वय ३६. दुसरा होता अमेरिकेचा लाडका विनोदकार विल रॉजर्स, वय ५५.

३/
‘उड्डाण करताना इंजिन बंद पडले आणि विमान कोसळले.’ बातमी म्हणून हे वाक्य पुरेसे आहे. इतिहास म्हणून मात्र ते अपुरे आहे. हा अपघात समजून घ्यायचा तर खाजणापासून मागे, काही महिने आधीच्या कॅलिफोर्नियातील विमान-कार्यशाळेपर्यंत जावे लागते. आणि त्याआधी पोस्ट हा माणूस समजून घ्यावा लागतो.

४/
पोस्ट ओक्लाहोमात वाढला. १९२६ मध्ये तेलविहिरीवर काम करताना धातूचा कण उडून त्याचा डावा डोळा गेला. भरपाई म्हणून सुमारे १,८०० डॉलर मिळाले. त्या पैशांतून त्याने आपले पहिले विमान घेतले. एका डोळ्याने अंतराचा अंदाज घेणे कठीण. पण पोस्टने नजरेला चिकाटीने त्याची सवय लावली.

५/
१९३१ मध्ये हॅरॉल्ड गॅटी या दिग्दर्शकासह त्याने ‘विनी मे’ या लॉकहीड व्हेगा विमानातून ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधीचा विक्रम ग्राफ झेपेलिन या हवाई जहाजाचा, सुमारे २१ दिवसांचा होता. १९३३ मध्ये पोस्टने तीच प्रदक्षिणा एकट्याने ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत पूर्ण केली. एकट्याने विमानातून पृथ्वीला फेरी घालणारा तो पहिला मनुष्य.

६/
मग त्याला उंचीचे वेध लागले. विरळ हवेत विमान अधिक वेगाने जाईल, हे त्याने ओळखले होते. पण ‘विनी मे’चा लाकडी सांगाडा आत हवेचा दाब धरून ठेवू शकत नव्हता. पोस्टचे उत्तर सरळ होते : विमानाला दाब देता येत नसेल, तर माणसाला द्यावा. गुडरिच कंपनीच्या रसेल कॉली याच्या साहाय्याने त्याने रबर, कापड आणि धातूचे शिरस्त्राण यांचा दाबपोशाख बनवला. पहिले दोन फसले. तिसरा यशस्वी झाला.

७/
सप्टेंबर १९३४ मध्ये तो पोशाख घालून पोस्ट शिकागोवर सुमारे ४०,००० फुटांवर गेला. मार्च १९३५ मध्ये बरबँकहून क्लीव्हलँडला जाताना उंचावरच्या वेगवान वाऱ्याने त्याच्या विमानाला असा रेटा दिला, की जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही काळ ताशी ३४० मैलांपर्यंत पोहोचला. आज आपण त्या वाऱ्यांना जेट प्रवाह म्हणतो.

८/
पोस्टची प्रतिभा ही अशी होती. हवी ती वस्तू बाजारात नसेल, तर हाताशी असलेल्या वस्तू जोडून ती घडवायची आणि स्वतःच्या जिवावर तिची परीक्षा घ्यायची. हेच त्याचे बळ होते. अखेरच्या विमानाची कथाही याच वृत्तीतून निघते.

९/
१९३५ मध्ये त्याला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून अलास्कामार्गे रशियापर्यंतचा टपाल व प्रवासी हवाईमार्ग पाहायचा होता. तेथे धावपट्ट्या थोड्या, सरोवरे व नद्या उदंड. म्हणून पाण्यावर उतरणारे विमान हवे. पोस्टने लॉकहीड ओरायनचे धड घेतले आणि त्याला लॉकहीड एक्सप्लोरर या दुसऱ्या विमानाचा लांब पंख जोडला. ओरायनच्या मूळ पंखात चाके आत ओढली जात. त्याखाली फ्लोट बसवणे अवघड होते. एक्सप्लोररच्या पंखाने ती अडचण सुटली.

१०/
लॉकहीडने हे काम करण्यास नकार दिला. दोन वेगळ्या रचनांचा हा संकर धोकादायक ठरू शकतो, असे कंपनीचे मत होते. पोस्टने ते काम दुसरीकडे करवून घेतले. विमानाला ५५० अश्वशक्तीचे जड वास्प इंजिन आणि तीन पात्यांचा पंखा होता. त्यातच मागवलेले फ्लोट सिएटल परिसरात वेळेवर पोहोचले नाहीत. म्हणून मोठ्या विमानासाठी बनवलेले फ्लोट बसवण्यात आले.

११/
परिणामी विमान नाकाकडे जड झाले. याचा अर्थ नीट पाहू. विमानाचे नाक वर ठेवण्याचे काम शेपटीवरच्या हलत्या पट्टीचे, म्हणजे एलेव्हेटरचे. इंजिन चालू असताना पंख्याने मागे फेकलेली हवा शेपटीवरून वाहते आणि कमी वेगातही एलेव्हेटरला जोर मिळतो. इंजिन थांबले की तो झोत थांबतो. नाकजड विमानाचे नाक मग आवरत नाही.

१२/
उंचावर हे घडले, तर वैमानिक नाक खाली जाऊ देतो, उतरत्या वाटेवर वेग मिळवतो आणि मग विमान सावरून तरंगत उतरवतो. तेथे उंची म्हणजे शिल्लक रक्कम. ती खर्चून वेग विकत घेता येतो. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात मात्र वेगही तोकडा असतो आणि शिल्लकही नसते. विमान वळणात असेल, तर संकट दुणावते. कारण कलत्या पंखांना विमान पेलण्यासाठी जास्त वेग लागतो. वालाक्पाला या साऱ्या गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या.

१३/
इंजिन का थांबले? कार्बोरेटरमध्ये साचलेला बर्फ किंवा ओलावा, रिकामी झालेली इंधनटाकी, अशी कारणे त्या काळापासून मांडली जात आहेत. परंतु त्या दशकात इंजिने बंद पडत, आणि पोस्टसारख्या अनुभवी वैमानिकाला ते ठाऊक होते. खरा प्रश्न असा, की इंजिन थांबल्यावर या विमानाने आपल्या वैमानिकाला काय करू दिले? उत्तर : जवळजवळ काहीच नाही.

१४/
रॉजर्स त्या विमानात का होता? चेरोकी वंशाचा हा माणूस गुराख्याच्या दोरखेळांतून रंगमंचावर आला, तेथून चित्रपटात आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत. विमानप्रवासाचा तो उत्साही पुरस्कर्ता होता. पोस्ट त्याचा मित्र, त्याच्याच ओक्लाहोमाचा. स्तंभासाठी नवा प्रदेश पाहावा, म्हणून तो सोबत निघाला. जुनो, डॉसन, अक्लाविक, फेअरबँक्स अशी मजल मारत दोघे बॅरोकडे निघाले होते.

१५/
अपघात पाहणाऱ्यांत क्लेअर ओक्पीहा हा इनुपिआट शिकारी होता. त्याने हाका मारल्या. उत्तर आले नाही. मग दलदलीच्या टुंड्रातून धावत तो बॅरोला पोहोचला. मृतांची नावे त्याला ठाऊक नव्हती. एकाच्या डोळ्यावर पट्टी होती, एवढे त्याने सांगितले. बॅरोच्या लोकांना तेवढे पुरले. लष्कराच्या सिग्नल कोअरच्या बिनतारी केंद्रातून बातमी जगभर गेली. अलास्काचा वैमानिक जो क्रॉसन, पोस्टचा मित्र, दोघांचे मृतदेह घेऊन परतला.

१६/
बॅरोचे आजचे नाव उत्कियाग्विक. तेथील विमानतळ पोस्ट आणि रॉजर्स या दोघांच्या नावाने ओळखला जातो. ‘विनी मे’ स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आणि पोस्टसोबत दाबपोशाख घडवणारा रसेल कॉली? पुढे मर्क्युरी मोहिमेच्या अंतराळवीरांच्या पोशाखामागेही त्याचाच हात होता.

१७/
म्हणून पोस्टला ‘बेफिकीर’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. ज्या वृत्तीने माणसाला अंतराळाच्या वाटेवर नेणारा पोशाख दिला, त्याच वृत्तीने ते नाकजड विमान जोडले. फरक एवढाच : पोशाख दोनदा फसला, तेव्हा पोस्ट थांबला आणि नव्याने बनवू लागला. विमानाच्या बाबतीत लॉकहीडने इशारा दिला, फ्लोट चुकीचे आले, नाक जड झाले. प्रत्येक वेळी थांबण्याची संधी होती. त्या उन्हाळ्यात तो थांबला नाही.

१८/
पुढे कधी एखाद्या अपघाताच्या नोंदीत ‘इंजिन बंद पडले’ असे वाचाल, तेव्हा तेथेच पूर्णविराम देऊ नका. ते विमान कोणी जोडले, कोणी हरकत घेतली होती आणि ती कोणी ऐकली नाही, हेही शोधा. वालाक्पाच्या खाजणात इंजिन क्षणात थांबले. पण त्या क्षणाची तयारी काही महिने आधीपासून चालू होती.